डागाखालचा पलंग

माझी नांदेडची गाडी लागली होती. पण लातूरच्या स्टँडवर मागच्या बाकावर एक भाची आपल्या मावशीला विचारत होती, म्हणून मी उठले नाही.

“मावशे, रेणापूरचं जुनं घर घेतलंस म्हणं! छत बघून विमावाल्यानं न्हाई म्हणलं होतं ना? सगळी पुंजी घातलीस!”

“हाव. घर विकणारा म्हणायचा, छत लई पक्कं हाय.”

“मग?”

“मी म्हणलं, त्या ओल्या डागाखाली तुमचा पलंग टाका, झोपून दाखवा.”

“झोपला?”

“कुठला झोपतो! त्याचीच बायको कडाडली, ‘चार पावसाळे मी तिथं बादली ठेवली. आधी छत करून द्या, मग घर विका!’”

“दिलं करून?”

“तर! विमाबी झाला. जाताना ती बाई बादली मलाच देऊन गेली.”

“आता कशाला बादली?”

“बुडाला भोक पाडून मोगरा लावलाय.”