मागे बसणारा कासियान

नाव: रूपर्ट वेसेली. वय: बावीस. धंदा: मिळेल ते काम; या हिवाळ्यात डोंगरावरून गवत उतरवणे आणि घसरगाड्यांच्या पट्ट्या घासणे. राहणार: कायमचा पत्ता नाही, मूळ व्हिएन्ना, सध्या ओबरग्रुंड गावी टाक्सर यांच्या गोठ्यावरचा माळा.

समक्ष ठाण्यात हजर राहून लिहून देतो की, हा जबाब हवालदार एगर यांनी काल संध्याकाळीच मागितला होता. मी टाळला. माणूस वर बर्फात असताना खाली बसून कागद काय काळे करायचे, असं मला वाटलं. आज दुपारी कळलं की जिल्ह्याचे साहेब, पाहणाऱ्याचा लेखी जबाब फोनवर ऐकल्याशिवाय, सैनिकांची तुकडी घळीत पाठवणार नाहीत. लिहिणारा शिपाई शोधायला वर गेला आहे, म्हणून माझ्याच हाताने लिहितो. बोटं बधिर आहेत. अक्षराला हसू नये.

हरवलेला माणूस कासियान हॉफर, वय पंचवीस. त्याने आणि त्याचा चुलतभाऊ व्हेंडेलिन हॉफर याने यंदा युरोपच्या घसरगाडी स्पर्धेत जोडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. जोडीत व्हेंडेलिन पुढे बसतो आणि कासियान मागे. पुढच्याला वाट दिसते. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. ती जिकडे कलेल तिकडे त्याने कलायचं, आणि तेही जरा आधीच. कासियान म्हणायचा, "चार वर्षं मी सगळ्या युरोपात हिंडलो आणि व्हेंडेलिनचा सदराच पाहिला." त्यांची गाडी ज्यांवर बर्फावरून घसरते त्या लोखंडी पट्ट्या मी घासतो. आधी दगडाने, मग तेल लावून कातड्याने, शेवटी नुसत्या तळव्याने. हे काम मी सर्कशीत शिकलो. तिथे पांढऱ्या घोड्यांचे खूर असेच चकचकीत करावे लागत, आणि त्यातली एक घोडी अशी होती की

हवालदार म्हणतात घोडी नको, मुद्द्याचं लिही.

सुवर्णपदक इटलीच्या कास्लाटर बंधूंना मिळालं. ते डोंगराच्या पलीकडचे, बोली आमच्या इथलीच बोलतात. ओबरग्रुंडमध्ये सगळे सांगतात की त्यांनी सुटण्याआधी पट्ट्या चोरून तापवल्या होत्या. तापलेली पट्टी जास्त पळते आणि ते नियमात बसत नाही. टाक्सरकाका तर खानावळीत रोज म्हणतात, "त्यांची गाडी कुठे पळत होती, चूल पळत होती." परवा गावाने पदकवाल्यांना जेवण दिलं. व्हेंडेलिनने चार घोट जास्त घेतले होते. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूल असो नाहीतर काही असो, शेवटच्या वळणावर माझ्या मागे माणूस होता की बटाट्याचं पोतं, मला अजून कळलेलं नाही." लोक हसले. कासियानही हसला. मग बटाट्याच्या पोत्यासारखं बाकावरून घरंगळून दाखवलं त्याने, तेव्हा लोक आणखी हसले.

काल उजाडायच्या सुमारास आम्ही तिघे, म्हणजे व्हेंडेलिन, कासियान आणि मी, गाड्या पाठीवर घेऊन वरच्या कुरणातल्या गवताच्या खोपीत गेलो. उन्हाळ्यात कापलेलं गवत तिथे असतं आणि बर्फाची वाट कडक झाली की गाडीवर लादून खाली आणतात. पदक मिळालं म्हणून गुरं खायची थांबत नाहीत. धुकं होतं. एका वेळी वाटेवर एकच गाडी सुटते. खाली पोचलेल्याने वाटेतून बाजूला होऊन "मोकळी" अशी हाळी द्यायची, ती ऐकू आली की मगच पुढची गाडी. आणि एक गाडी जरी वर असली तरी खालून कोणी त्या वाटेवर पाय ठेवायचा नाही, मग आई मरत असो. भरलेली गाडी धुक्यातून आली तर ती थांबत नाही. टाक्सरकाकांचा थोरला मुलगा असाच वर चालत गेला होता.

व्हेंडेलिन पहिला सुटला. आम्ही दोघं हाळीची वाट बघत खोपीच्या दारात बसलो. कासियानने मला पाव आणि डुकराच्या चरबीचा तुकडा दिला. मग म्हणाला, "रूपर्ट, तू शर्यतीच्या दिवशी त्या कास्लाटरांच्या गाडीपाशी घुटमळत होतास. हात लावलास का पट्ट्यांना?"

मी म्हणालो, "लावला."

"तापलेल्या होत्या?"

मी म्हणालो, "गार होत्या."

हे मी तोवर गावात कोणाला बोललो नव्हतो. गावात राहायचं होतं मला. त्याने पाव संपवला. खालून व्हेंडेलिनची हाळी आली. कासियान म्हणाला, "तू जा आधी, मी शेवटी येतो." मी गाडीवर बसल्यावर मागे वळून पाहिलं तेव्हा तो आपल्या गाडीच्या पट्ट्यांवरच्या साखळ्या सोडत होता. साखळ्या म्हणजे आमचा ब्रेक. त्यांच्याशिवाय भरलेली गाडी वाटेवरून कोणी नेत नाही. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "घळीतून जातो. एकदा बघू तरी दे पुढे काय असतं ते." घळ म्हणजे खोपीच्या डावीकडून सरळ गिरणीच्या ओढ्यावर पडणारी फट. तिच्यातून उन्हाळ्यात शेळ्यासुद्धा उतरत नाहीत. मला वाटलं गंमत करतोय. मी हसलो आणि सुटलो.

खाली येऊन मी हाळी दिली. कासियान आला नाही. पुन्हा दिली. खाली गवत उतरवून घ्यायला गावकरी जमले होते, त्यातल्या टाक्सरकाकांना मी घळीचं सांगितलं. गवताच्या कामात शब्द त्यांचाच चालतो. ते म्हणाले, "कासियान येडा नाही. दोर सुटला असेल, पुन्हा बांधत असेल. गाडी वर आहे तोवर कोणी हलायचं नाही." मी म्हणालो, "काका, गाडी वर नाहीच." ते म्हणाले, "तू पाहिलंस त्याला घळीत जाताना?" मी पाहिलं नव्हतं. "मग गप बैस, व्हिएन्नावाल्या."

आम्ही सगळे वाटेच्या तोंडाशी उभे राहिलो. बायकांनी पदकवाल्यांसाठी आणलेलं सूप गार झालं. कोणी पाय पुढे टाकला की टाक्सरकाका काठी आडवी धरत. व्हेंडेलिनने दोनदा टाकला. दुसऱ्यांदा ते त्याला म्हणाले, "माझ्या पोराचं जे उरलं ते तूच उचललंस ना हातांनी?" मग तोही थांबला. मला कोणाला दोष द्यायचा नाही. दुपार टळली, बर्फ पडायला लागला, तेव्हा काका स्वतः म्हणाले, "चला." वर खोपीत कासियान नव्हता, गाडी नव्हती, आणि नव्या बर्फाने सगळे माग बुजले होते.

तेव्हापासून गाव वाटेवरच्या लांब वळणाखालच्या जंगलात रांगेने काठ्या खुपसत शोधतंय, कारण गाडी वाटेवरून उडाली तर तिथेच जाते. घळीच्या वरच्या तोंडावर बर्फाचा कडा लोंबतो आहे. टाक्सरकाका म्हणतात, "एकासाठी दहा जणांना त्याच्याखाली घालणार नाही." तेही खोटं नाही. घळीच्या खालच्या टोकाशी, गिरणीपाशी, काही सापडलेलं नाही. म्हणजे तो मध्येच कुठेतरी आहे.

आज सकाळी मी कोणाला न विचारता खोपीत गेलो आणि गवत उपसलं. साखळ्या दारामागे खुंटीला टांगलेल्या होत्या, नीट, दोन्ही. त्या मी आणल्या आहेत आणि हवालदारांच्या टेबलावर आहेत. येताना मी घळीत थोडा उतरलो. कमरेपर्यंत रुतलो. तिथे मला लोखंडावर लोखंड मारल्यासारखा आवाज आला. जंगलात जाऊन सांगितलं तर काका म्हणाले, बर्फ आवळताना असे आवाज होतात. गिरणीपाशी जाऊन व्हेंडेलिनला सांगितलं. तो म्हणाला, "मलाही ऐकू येतो. पण मला कालपासून येतोय."

व्हेंडेलिन घळीच्या खालच्या टोकाशी उभा आहे. तो कासियानला नावाने हाक मारत नाही. तो "मोकळी" म्हणून हाळी देतो. आता त्याला आवाज राहिलेला नाही, नुसतं तोंड उघडतं. त्याच्या बायकोने घोंगडी नेली ती त्याने घेतली नाही.

माझं साहेबांना एवढंच सांगणं आहे की जंगलातली माणसं घळीत पाठवा, आपले सैनिक पाठवा, ते जमत नसेल तर टाक्सरकाकांना फोनवरून हुकूम द्या, ते हुकूम मोडणारे नाहीत. कासियान दांडगा आहे. त्याच्या अंगावर लोकरीचा जाड कोट आहे आणि गाडीवर गवत आहे. गवतात शिरला असेल तर ऊब टिकते, मी स्वतः गवतात झोपून हिवाळे काढले आहेत. पण आजची दुसरी रात्र निघणार नाही. ऊन उतरत गिरणीच्या छपरावर आलं आहे, थोड्या वेळात अंधारेल. मी त्याला पट्ट्या गार होत्या म्हणालो नसतो तर, हे वाक्य हवालदार म्हणतात जबाबात बसत नाही. तरी राहू दे.

वरचं सगळं हवालदार एगर यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचलं, तेच फोनवर साहेबांनाही ऐकवलं. मी लिहिलं तेच त्यांनी वाचलं, जास्त नाही, कमी नाही. साहेब विचार करून कळवतो म्हणाले. फोन अजून वाजलेला नाही.

सही करायच्या आधी एवढं वाढवतो, की आत्ता ठाण्याच्या दारात दोघे जण बूट आपटत उभे आहेत. भुवयांवर बर्फ आहे, खांद्यावर दोराची वेटोळी. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. कास्लाटर बंधू आहेत. पोस्टातल्या ओटिलीबाईंनी कोणाला न सांगता काल पलीकडे फोन केला होता म्हणे, तर हे रात्रीच निघून खिंडीतून चालत आले. हवालदार उठून म्हणाले, "परवानगी यायची आहे." धाकट्याने टेबलावरच्या साखळ्या उचलल्या, हातात तोलल्या, आणि मला विचारलं, "मागे बसणारा ना हा?"

मी हो म्हणालो.

"मग चल, जागा दाखव," तो म्हणाला. "मीही मागेच बसतो."

रूपर्ट वेसेली