आडव्या माणसाचं माप

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय आप्पा गुरुजी, व्यासपीठावरचे वाडीचे मानकरी, सत्कारमूर्ती काशीराम मिस्त्री, आणि भर उन्हातून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो व बंधूंनो, सर्वांना नमस्कार.

मी लवू. शाळा चौथीपर्यंत. मुंबईत एका दहा मजली इमारतीत पंप चालवतो. बोलायची सवय नाही म्हणून लिहून आणलंय. गुरुजी, अक्षराकडे बघू नका.

आत्ता सगळे म्हणाले, काशीनानांनी चाळीस वर्षं मुंबईत इमारती बांधल्या. खरं आहे. पण आमच्या इमारतीत नानांनी एक काम असं केलं, जे कुठल्याच नकाशात नाही. झाडूवाल्यानं, लिफ्टवाल्यानं, पंपवाल्यानं दुपारी पाठ टेकायची कुठे? जिन्यात बसलं तर हटकतात. गच्चीत पाय भाजतात. नानांनी पाण्याच्या टाकीखाली गुपचूप एक खोली काढली. दाराला भिंतीचाच रंग, वाऱ्याला जाळी, खाली थंड कडप्पा. मालकाला पत्ता नाही.

तेव्हा मी नानांच्या हाताखाली बिगारी. माप घेताना नाना स्वतः सिमेंटच्या धुळीत आडवे झाले. "लवू, डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धर. उभ्या माणसाचं माप सगळेच घेतात रे, आडव्याचं कोण घेतो?" वर एक वीत जास्त सोडायला लावली. का, तर म्हणे झोपेत माणूस लांब होतो. हसू नका, होतो.

पुढे मी त्याच इमारतीत लागलो. नाना भेटले की पहिला प्रश्न, "खोली आहे ना रे?" मी म्हणायचो, "आहे, नाना." मघाशी शाल घेण्याआधीही त्यांनी विचारलं. मी तेच म्हणालो.

नाना, खोली नाही.

गेल्या भाद्रपदात आम्हाला रजा मिळाली नाही. गणपतीत घरी नाही म्हणजे काय, ते या मंडपात कुणाला सांगायला नको. मी खोलीत तसबीर मांडली, झांजा आणल्या. घरी दुपारच्या आरतीची वेळ झाली तशी सुरुवात केली. आपल्या वाडीचा विठू, आमचा लिफ्टवाला, म्हणाला, "मेल्या, हळू वाजव! खाली ऐकायला जायल." मी म्हटलं, "बाप्पाची आरती काय चोरून म्हणायची?" आणि जोरात वाजवल्या.

आरती संपायच्या आत सेक्रेटरी दारात. चार दिवसांत खोली विटांनी बुजवली.

दिवाळीआधी विठू टाकीमागच्या छज्ज्यावरून पडून गेला. दुपारची वेळ होती. इथे लोक म्हणाले, प्यायला असेल. नाना, तुम्ही म्हणालात, "खोली असताना तो छज्ज्यावर कशाला गेला?" मी मान खाली घातली. विठू प्यायला नव्हता. तेवढीच सावली उरली होती. तिथे झोपला, कूस वळला.

विठूच्या घरच्या, सगुणावहिनी, मागे बसल्यात. त्यांना मी काल सांगितलं. त्यांनी ताक दिलं.

अध्यक्ष महाराज, सत्काराच्या दिवशी हे बोलायचं नसतं, कळतं मला. पण उद्याची गाडी आहे, आणि पुढच्या वेळी नानांनी विचारलं तर मला पुन्हा "आहे" म्हणवणार नाही.

मंडळानं बोलायची संधी दिली, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, ते सभेनं पोटात घालावं. झांजांची माफी मात्र सभेकडे मागत नाही. नाना, ती मापाची सुतळी मी जपून ठेवली होती. नारळाबरोबर तुमच्या हातात देतो. ठेवून घेतलीत तर समजेन, माझ्यावर भरवसा उरला नाही. परत दिलीत, तर पंपाच्या खोलीमागे आडव्या माणसापुरती एक जागा मी बघून ठेवली आहे.