गिझरचा प्लग

मानपाड्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात समृद्धी बाळाला कडेवर घेऊन झिरोच्या बल्बसाठी थांबली होती. तिच्या पुढे क्लासवाले राणे सर आणि त्यांची दहावीतली सान्वी उभे होते.

"प्रफुल्लशेठ, सहा अँपिअरचा प्लग द्या. आधीचा वितळला."

"परत? सर, गिझर लावता काय त्यावर?"

"छोटाच आहे हो, दोन हजार वॅटचा."

"बाबा, दोन हजार भागिले दोनशे तीस. साडेआठच्या वर अँपिअर जातात. प्लग सहाचा आहे."

"सान्वी, आधी सूत्र, मग किमती, मग उत्तर. असं धाडकन उत्तर दिलंस तर तीनातला एक मार्क मिळेल."

"अरे, पण आजीला सकाळी बटण गरम लागलं."

"ते विजेच्या उष्णतेच्या धड्यात येतं. पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये घेणारे मी."

"सर, सोळाचा प्लग, सॉकेट, जाड वायर, सगळंच बदला."

"बघू दिवाळीनंतर."

"काका, वायरमनला आत्ताच पाठवा. तोवर आजीचं पाणी मी गॅसवर तापवते."

"आणि तुझी अकरा वाजताची सराव परीक्षा?"

"ती तू दे, बाबा."