कुंकू लावलेल्या चाकाबाबत मयुरी महाजन हिचा जबाब

दि. ११/०७/२०२५

नाव : मयुरी कौतिक महाजन, वय २२ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय घरी चाके बॅलन्स करणे व शिकवणी, रा. बसस्थानकामागील गल्ली, धरणगाव, जि. जळगाव.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर आहे. मला विचारलेल्या गोष्टींबाबत माझ्या माहितीप्रमाणे सांगते ते असे :

मी वरील पत्त्यावर आई सुनंदाबाई व वडील कौतिक यांच्यासह राहते. वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे. मोठ्या गाड्यांची चाके बॅलन्स करायला जळगावात मशीन आहे, पण स्कूटर व रिक्षाची लहान चाके तेथे कोणी घेत नाही. म्हणून पदवी झाल्यावर मी वडिलांच्या मदतीने ओट्यावर एक लोखंडी घोडी (स्टँड) उभी केली. चाकात दांडा घालून तो दोन बेअरिंगवर ठेवायचा. जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या समोरच्या बाजूला शिशाचे तुकडे चिकटवायचे. चाक कोठेही थांबू लागले की काम झाले. मोठ्या चाकापेक्षा लहान चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेते, त्यामुळे त्याची काळजी खरे तर जास्त घ्यायला हवी. येथे हवालदारसाहेबांनी मला मुद्द्याचे बोलण्यास सांगितले.

आमच्याकडे झालेली चाके तुळशीजवळ भिंतीला टेकवून ठेवतात. चाक घराबाहेर जाण्यापूर्वी आई त्याला कुंकवाचे बोट लावते. पहिल्या चाकाला तिने हौसेने लावले होते. पुढे गिऱ्हाईकच टिका बघून चाक नेऊ लागले. टिका म्हणजे चाक पास, असे गावातले रिक्षावाले समजतात. मला ते फारसे पटत नव्हते, पण मी बंद केले नाही.

काल हितेंद्र भाऊंनी त्यांच्या रिक्षाचे पुढचे चाक आणून दिले. ते शाळेची मुले ने-आण करतात. "हँडल मारस," म्हणजे चालवताना हँडल हादरते, असे ते म्हणाले. रिक्षाला तोपर्यंत स्टेपनी लावतो व चाक उद्या संध्याकाळी नेतो, असे त्यांनी सांगितले.

आज सकाळी मी ते चाक घोडीवर घेतले व शिसे चिकटवले. शेवटी डिझेलच्या बोळ्याने रिंग पुसताना नटाच्या भोकाजवळ एक बारीक रेघ दिसली. रेघ पुसली तरी परत ओली होत होती. मी तेथे खडूची पूड लावली. रेघ भोकापासून रिंगच्या काठापर्यंत उमटली. तो तडा होता. असे चाक वापरायचे नसते. संध्याकाळी हितेंद्र भाऊंना तडा दाखवून नवीन रिंग घ्यायला सांगायचे, असे मी ठरवले. उन्हात रेघ नीट दिसते म्हणून मी चाक तुळशीजवळ ठेवले व बी.एड. प्रवेशाची कागदपत्रे तपासून घेण्यासाठी जळगावला गेले. चाक नेऊ देऊ नको, हे आईला सांगायचे माझ्याकडून राहिले.

दुपारी परत आले तेव्हा तुळशीजवळ चाक नव्हते. आई म्हणाली, "हितेंद्र लवकर उना, चाक ली गया. टिका लाई दिन्हा मी." शिसे चिकटवलेले व चाक तुळशीजवळ असल्याने ते झाले आहे असे तिला वाटले. मी तिला तडा सांगितला.

मी हितेंद्र भाऊंना फोन केला, तो बंद लागला. शाळा सुटायची वेळ होत आली होती. मी सायकलवर शाळेत गेले. त्यांची रिक्षा फाटकाजवळ उभी होती. ते कोठे दिसले नाहीत. पुढच्या चाकाला चिखल होता, त्यामुळे टिका किंवा तडा दिसत नव्हता. घंटा झाली व मुले बाहेर येऊ लागली. दोन मुली रिक्षात चढून बसल्यासुद्धा. मी त्यांना खाली उतरवले व पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढून हवा सोडून दिली. विचारायला कोणी नव्हते आणि थांबायला वेळ नव्हता.

लोक जमले. समोरचे किराणा दुकानदार हीरालाल शेठ म्हणाले, "अरे बेटी, कॉलेजात हेच शिकवलं का?" मुलांना घ्यायला आलेली एक आई म्हणाली, "पोरेसले आते काय खांदावर लई जाऊत?" एकाने माझी सायकल धरून ठेवली व पोलिसांना फोन केला. तेवढ्यात हितेंद्र भाऊ पळत आले. "काय वं मयुरी, मना धंदावर उठनी का तू?" असे ते ओरडले. मी त्यांना तडा सांगितला. त्यांनी चाकाकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हाई ते चाक नही शे. हाई स्टेपनी शे."

त्यांचे मेहुणे भाईदास यांचीही रिक्षा आहे. ते आज पत्नी कुंदाबाई व दोन लहान मुलांना घेऊन साखरपुड्यासाठी रिक्षाने दोंडाईचाला निघणार होते. कुंदाबाई या हितेंद्र भाऊंच्या सख्ख्या बहीण. भाईदास यांचे पुढचे चाक गुळगुळीत झाले होते. हितेंद्र भाऊ त्यांना म्हणाले, "लांबना रस्ता शे, टिकानं चाक तूच ने." चाक त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिले व भाईदास लगेच निघून गेले. रिक्षाला पुढे एकच चाक असते.

भाईदास यांचा फोन वाजतो, पण कोणी उचलत नाही. ते चालवताना गाणी मोठ्याने लावतात, असे हितेंद्र भाऊ सांगतात. कुंदाबाईंचा फोन लागत नाही. भाईदास यांच्या रिक्षाच्या मागच्या पडद्यावर मोर रंगवलेला आहे. रिक्षाचा नंबर हितेंद्र भाऊंनी ठाणे अंमलदारांना दिला आहे. हितेंद्र भाऊ माझ्याविरुद्ध तक्रार द्यायला आले होते. आता ते माझ्या शेजारी बसून सारखा फोन लावत आहेत.

माझे वडील बाहेर बाकावर बसले आहेत. आईचे नाव जबाबात घेऊ नकोस, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. मी घेतले आहे. ते गाळले तर हितेंद्र भाऊंनी तडा गेलेले चाक जाणूनबुजून बहिणीच्या रिक्षाला लावले असे दिसेल, आणि ते खरे नाही. आईला तडा माहीत नव्हता. तो फक्त मला माहीत होता.

हवा सोडल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. ती नंतर करावी. आधी ती रिक्षा थांबवावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

जबाब चालू असताना अमळनेरहून फोन आला. पडद्यावर मोर असलेली रिक्षा तेथील चौकातून काही वेळापूर्वी पुढे गेली आहे. शिंदखेडा व दोंडाईचा येथे कळवणे चालू आहे.

हवालदारसाहेब फोनवर असल्याने हा जबाब त्यांनी मला वाचून दाखवलेला नाही. मी तो स्वतः वाचला. त्यात 'तो किरकोळ तडा होता' असे लिहिले होते. त्यातला 'किरकोळ' हा शब्द मी खोडायला लावला व तेथे सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

(सही) मयुरी कौतिक महाजन