गच्च आवळलेला व्हॉल्व्ह

(नदीकाठ, थंडीतली सकाळ. बहीण गुडघाभर पाण्यात, मासे वाढवायच्या जाळीच्या पिंजऱ्याजवळ. वरच्या अंगाच्या कारखान्यात काम करणारा तिचा थोरला भाऊ काठावर.)

बहीण : व्हॉल्व्ह थोडा बंद केलास की पूर्ण, तेवढं सांग.

भाऊ : पूर्ण. 'बंद कर, बंद कर' करून तीन महिने तूच कान किटवलेस ना? काल संध्याकाळी पाळी संपताना गच्च आवळला. यंत्रांचं सगळं गरम पाणी नदीऐवजी मागच्या तळ्यात. म्हटलं, सकाळी बाईसाहेब खूश होतील.

बहीण : हो, नाचतेच आहे मी. या माशांच्या माद्या बघ कशा आडव्या पडल्यात.

भाऊ : अगं, पण गरम पाण्यानंच गुदमरत होत्या ना? वर येऊन तोंडं उघडत होत्या, तूच दाखवलंस.

बहीण : होत्याच. गरम पाण्यात श्वास पुरत नाही त्यांना. पण तीन महिन्यांत कशाबशा सरावल्या होत्या, अठ्ठावीस अंशांना. आता हे थर्मामीटर वाच.

भाऊ : अठरा.

बहीण : एका रात्रीत दहा अंश. उबदार टबातलं बाळ उचलून कुणी गार हौदात बुडवतं का?

भाऊ : मला काय माहीत? साहेब तर म्हणाले, पाण्यात विष नाही, तपासणीचा कागद स्वच्छ आहे, तुझ्या बहिणीला दुसरा उद्योग नाही.

बहीण : मलाही दाखवला तो कागद. किती गरम ते कुठं लिहिलंय, विचारलं. तर म्हणे, त्याचा रकानाच नाही.

भाऊ : म्हणून तर त्यांना न विचारता केलं. नोकरी पणाला लावून.

बहीण : त्यांना नको रे, मला विचारायचंस. रोज थोडा थोडा आवळ म्हटलं असतं, पंधरा दिवस घे म्हटलं असतं. लहानपणापासून तुझं हेच, ऐकायचं अर्धं आणि करायचं दुप्पट.

भाऊ : आणि तुझ्या 'बंद कर'मध्ये 'हळूहळू' कुठं होतं?

बहीण : नव्हतं.

भाऊ : गेल्या सगळ्या?

बहीण : चार गेल्या. बाकीच्यांचे कल्ले हलतायत. सगळ्यांच्या पोटात अंडी आहेत, दादा. या गेल्या तर यंदा एक पिल्लू नाही माझ्याकडे.

भाऊ : जाऊन उघडतो परत.

बहीण : बघ, पुन्हा तेच! एकदम उघडलास तर उरलेल्याही जातील. पाव वळसा. फक्त पाव. मग मी सांगीन तेव्हा पुढचा.

भाऊ : सुट्टीच्या दिवशी तिथं दिसलो तर साहेबांच्या कानावर जाईल.

बहीण : जाईल. जमेल का तुला?

भाऊ : फोन हातात ठेव.

बहीण : ठेवलाय. पळू नकोस, काठ निसरडा आहे.

भाऊ : (काही वेळानं, कारखान्यातून फोनवर) हॅलो. पोचलो. पाव वळसा उघडला. काय दिसतंय?

बहीण : अजून काही नाही.

भाऊ : आणखी थोडा देऊ?

बहीण : नको. एकीला हातावर धरून ठेवलंय मी. थांब.

भाऊ : थांबलोय.