पाचशे रोपांची जागा

आंत्ये बेकरीच्या रांगेत उभी होती. तिच्या मागे एक तरुण जोडपं आणि नवऱ्याचे म्हातारे बाबा होते.

"किती वेळ! भट्टी पेटलीय की नाही यांची?"

"आपल्या बागेत घेऊन या म्हणावं पाव. सफरचंदं झाडावरच भाजतायत उन्हानं."

"हळू बोल, योस्ट! बाबा ऐकतील."

"मग जर्दाळूचं बोलतो! सहाच झाडं, पण काय लगडलीत, वीब्के! इथं, एल्बे नदीच्या काठी, एकेकाळच्या या थंड मुलखात जर्दाळू! आजोबांनी वेड्यात काढलं असतं मला!"

"रोपवाटिकेला आजच कळवायचंय. पाचशे रोपं म्हणालास ना?"

"पाचशे!"

"आणि लावणार कुठं? तुझ्या डोक्यावर?"

"बघू... बांधाला कुठंतरी."

"बांधाला पाचशे?"

आंत्येचा नंबर आला, तरी पुढचं ऐकायला तिनं पिशवी शोधण्यात उगीच वेळ काढला.

"बाबा, तुम्हाला कुठला पाव?"

"काळा. आणि योस्ट, पहाटे चोरून तीन जर्दाळू खाल्ले मी. ह्या बघ बिया."

"बाबा! कसे होते?"

"तुझी आई असती तर तिनंच सगळे फस्त केले असते, मला एकही मिळाला नसता. आम्ही दोघांनी लावलेली ती सफरचंदाची झाडं तोडून टाक आता. सगळी."