चढावरचा जादा बाण

नाही पण मी काय म्हणतो, दोनशे किलोची गाडी चढावर माणूस एकटा नेईलच कसा? सांगा ना! बावीस वर्षं किबुंबा गावाहून गोमा शहरात कोबी-बटाटे आणले मी, चुकुडूवरून, लाकडाची दोनचाकी आमची, उताराला एक गुडघा फळीवर टेकायचा नि दुसऱ्या पायानं रेटायचं, चढ आला की उतरून ढकलायचं... गुडघे गेले हो! दोन्ही. म्हणून तर या वयात संध्याकाळच्या वर्गात बसलो. पास झालो तर पाणीखात्यात नोकरी, खुर्चीवर बसून! आमची मासिका गल्लीभर सांगत सुटली, "आता आमचे हे बसणार."

आणि गणित काय, तर दोनशे किलोची गाडी, दहा अंशांचा चढ, घर्षण अमुक, माणूस सहाशे न्यूटननं ढकलतो, त्वरण काढा. काढलं! वजनाचा बाण, रस्त्याचा बाण, घर्षणाचा, माझा, आणि मागे एक छोटासा, दीडशेचा. तुम्हाला सांगतो, वर्गाच्या काहाम्बूबाई, माझ्या थोरलीच्या वयाच्या, वही डोळ्यांशी नेऊन म्हणतात, "मुम्बेरेदादा, हा कोण?"

म्हटलं, वाटसरू.

आता चढाला चुकुडू दिसली की जाणारा-येणारा हात लावतोच ना? बाजाराला निघालेली बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत एका हातानं रेटते, पाद्रीसुद्धा झगा खोचून रेटतो, विचारायचं नसतं, आभार मानायचे नसतात... मी हे सगळं सांगितलं, तर बाई दमून म्हणाल्या, "दिलंय तेवढंच धरायचं, दादा."

त्यांचं उत्तर शून्य पॉइंट तेहतीस. माझं एक पॉइंट शून्य आठ. माझीच गाडी जोरात होती हो! पण नापास. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, हात आपोआप मागचा बाण काढतो, त्याला मी काय करू? पुन्हा नापास. "दिलंय तेवढंच धरायचं!"

तिसऱ्या वर्षी नाही काढला. एवढा चढ, एवढं ओझं, नि मागे कोणी नाही... वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, कागदावरच्या त्या बिचाऱ्याचं. शून्य पॉइंट तेहतीस लिहिलं नि उठलो.

पास! नोकरीही लागली! पाण्याच्या टाकीवर. आता पाणी गावात आपोआप उतरायचं, तर टाकी कुठे असणार? हे गणित तीन वर्षांत कोणी घातलं नाही मला. टेकडीच्या माथ्यावर हो!

खुर्ची आहे, नाही म्हणत नाही. पण रोज तिच्यापर्यंत चढायचं. शेजारून चुकुडू जाते, लोक तिला हात लावतात, परवा मीसुद्धा लावला. मला कोण लावणार? माझ्या हातात डबा, त्यात घेवडा नि उकडलेली केळी. रिकाम्या माणसाला कोणी ढकलतं का? वाटेत बसतो, गुडघे चोळतो, मागे वळून बघतो... कोणी नाही.

दिलंय तेवढंच धरायचं.